डॉक्टरांनी लिहून दिलं, तरी दार का उघडत नाही?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

गेल्या अंकातला ब्रिटनमधल्या इमिग्रेशन स्थानबद्धतेवरचा लेख वाचून बरीच पत्रे आली. शिक्षा झालेली नसताना, किंवा झालेली शिक्षा भोगून संपल्यावरही, केवळ देशाबाहेर पाठवायचे म्हणून माणसांना कुलपात ठेवतात आणि त्यांत मायदेशी किंवा वाटेत छळ सोसून आलेलेही असतात, असे त्या लेखात म्हटले होते. पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. इमिग्रेशन कायदा आणि छळाच्या वैद्यकीय नोंदी या दोन क्षेत्रांत काम करणाऱ्यांनी मिळून उत्तरे लिहिली आहेत. माहिती इंग्लंड आणि वेल्सची आहे. स्कॉटलंडमधल्या डन्गॅव्हेल केंद्राला वैद्यकीय नियम हेच लागू आहेत, वकील आणि न्यायालये मात्र तिथली वेगळी.

प्रश्न : छळ झालेल्या माणसाला डांबता येणार नाही, असा सरळ कायदाच नाही का? आणि नसेल, तर ‘बेकायदा स्थानबद्धता’ कशाला म्हणायचं? (कायद्याची विद्यार्थिनी)

उत्तर : सरळ बंदी नाही. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनसाठी कोंडून ठेवण्याला कमाल मुदतसुद्धा नाही. गरोदर स्त्रीला ७२ तास, मंत्र्याच्या मंजुरीने फार तर एक आठवडा, ही मर्यादा २०१६ पासून आहे. बाकी प्रौढांसाठी कायद्यात आकडा नाही. आकड्याच्या जागी काही तत्त्वे आहेत. हरदियाल सिंग या भारतीय नागरिकाला डरहॅमच्या तुरुंगात हद्दपारीसाठी अडकवून ठेवले होते, त्या १९८३च्या खटल्यातून ती आली : कोंडायचे ते फक्त रवानगीसाठी, वाजवी काळापुरते, रवानगी तेवढ्या काळात होणार नाही हे दिसले की सोडायचे, आणि दरम्यान गृहखात्याने, म्हणजे होम ऑफिसने, हात बांधून बसायचे नाही. २०२३च्या कायद्याने ‘वाजवी काळ किती’ हे आधी मंत्र्याने ठरवायचे अशी पाचर मारली आहे, पण न्यायालयाचा दरवाजा त्याने बंद झालेला नाही.

छळ सोसलेल्यांसाठी वेगळे धोरण आहे. त्याचे नाव ‘अ‍ॅडल्ट्स अ‍ॅट रिस्क’, आधार २०१६च्या इमिग्रेशन कायद्याचे कलम ५९, अंमल १२ सप्टेंबर २०१६ पासून. त्यात पुराव्याच्या तीन पायऱ्या आहेत. माणूस स्वतः सांगतो पण हातात कागद नाही, ही पहिली. डॉक्टर, सोशल वर्कर किंवा या कामातल्या संस्थेचा कागद आहे, ही दुसरी. त्याच कागदात ‘कोंडून ठेवल्याने या माणसाला इजा होण्याची शक्यता आहे’ असेही लिहिलेले आहे, ही तिसरी. पायरी जितकी वरची, तितके ठेवून घेण्याचे कारण भक्कम लागते. तिसऱ्या पायरीवरच्या माणसाला ठेवायचे तर रवानगीची तारीख अगदी तोंडावर असली पाहिजे, नाहीतर सार्वजनिक सुरक्षेचा गंभीर प्रश्न असला पाहिजे. दुसरी आणि तिसरी पायरी यांच्यात फरक आहे तो त्या एका वाक्याचा, आणि बहुतेक प्रकरणे तिथेच अडतात.

आता ‘बेकायदा’बद्दल. खात्याने स्वतःच जाहीर केलेले धोरण पाळले नाही आणि त्या चुकीचा अटकेच्या निर्णयाशी थेट संबंध असला, तर ती अटक बेकायदा ठरते. सुप्रीम कोर्टाने २०११ साली लुम्बा खटल्यात हे स्पष्ट केले. त्याच वर्षी कंबाडझी खटल्यात, ठरलेल्या वेळी अटकेचा फेरआढावा न घेणे हेही त्याच माळेत बसवले. म्हणून वकील छळाच्या क्रौर्यापाशी सुरुवात करत नाहीत. कुठला कागद कुठल्या तारखेला व्हायला हवा होता आणि झाला नाही, हे ते आधी शोधतात.

प्रश्न : आम्ही काही जण गॅटविकजवळच्या केंद्रात भेटीला जातो. एका तरुणाच्या पाठीवर भाजल्याचे व्रण आहेत. तो म्हणतो, नर्सला सांगितलं, पण डॉक्टरची वेळ दोन आठवड्यांनंतरची मिळाली. आम्ही आधी काय करावं? (स्वयंसेवक)

उत्तर : आधी त्याला एवढे समजावून सांगा की नर्सला सांगणे आणि डॉक्टरने नोंदवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्रात आणल्यावर पहिल्या दोन तासांत नर्स प्रश्नावली भरते. त्यानंतर, आल्यापासून २४ तासांच्या आत, डॉक्टरने शरीर आणि मन दोन्ही तपासायचे असतात. हा २००१च्या डिटेन्शन सेंटर रूल्समधला नियम ३४. प्रत्यक्षात ही तपासणी काही मिनिटांत उरकली जाते. माणूस रात्री उशिरा व्हॅनमधून उतरलेला असतो, दमलेला असतो, ‘नको’ म्हणतो आणि फाइलवर ‘नकार दिला’ असा शेरा पडतो. त्या नकाराने त्याचा हक्क जात नाही. नंतर कधीही मागितली तरी तपासणी करावी लागते, असे त्याच नियमात लिहिले आहे.

दुसरा नियम ३५. केंद्रात सगळे त्याला ‘रूल थर्टीफाइव्ह’ म्हणतात. त्याचे तीन भाग आहेत. स्थानबद्धतेने प्रकृती बिघडण्याची शक्यता दिसली, तर ३५(१). आत्महत्येचा विचार असल्याची शंका आली, तर ३५(२). छळ झाला असावा अशी डॉक्टरला काळजी वाटली, तर ३५(३). अहवाल डॉक्टरनेच करायचा, नर्सची सही चालत नाही. तो केंद्राच्या व्यवस्थापकाकडे जातो आणि तिथून विलंब न लावता होम ऑफिसकडे.

तुमच्या ओळखीच्या तरुणाने आरोग्य विभागाला लेखी अर्ज द्यावा. लांबलचक नको, तीन वाक्ये पुरतात : ‘माझा छळ झालेला आहे. नियम ३५(३) आणि ३५(१) प्रमाणे डॉक्टरांनी मला तपासावे. कोंडल्यापासून मला झोप नाही, पाठीच्या जखमांची स्वप्ने पडतात.’ शेवटचे वाक्य त्याच्या स्वतःच्या त्रासाचे हवे, उसने नको. खाली तारीख आणि वेळ. आत कॅमेऱ्याचा फोन वापरू देत नाहीत, त्यामुळे अर्जाचा फोटो काढता येणार नाही. ग्रंथालयातून झेरॉक्स काढावी किंवा हातानेच दुसरी प्रत लिहून ठेवावी. मूळ प्रत हातची गेली की ‘असा अर्ज आलाच नाही’ हे उत्तर ऐकावे लागते.

त्याच दिवशी वकिलासाठी नाव नोंदवायला सांगा. प्रत्येक स्थानबद्धाला ३० मिनिटांचा कायदेशीर सल्ला मोफत मिळतो आणि त्यासाठी उत्पन्न किंवा प्रकरणाची ताकद पाहत नाहीत. ही नोंदणी केंद्राच्या ग्रंथालयात किंवा वेल्फेअर ऑफिसमध्ये होते. तीस मिनिटांत जन्मापासूनची हकीकत मावत नाही. अटकेचा दिवस, छळाबद्दल कुणाला कधी सांगितले, डॉक्टरची वेळ कधीची दिली, रवानगीची नोटीस आहे का, हे चार मुद्दे आधी कागदावर उतरवून न्यावेत. जामिनासाठी ‘बेल फॉर इमिग्रेशन डिटेनीज’ आणि बाहेरच्या स्वतंत्र डॉक्टरकडून तपासणीसाठी ‘मेडिकल जस्टिस’ या संस्था आहेत. दोघी शुल्क घेत नाहीत, पण दोघींकडे मागणी फार असते, म्हणून थांबू नका.

अहवाल गेल्यावर दिवस मोजायला लागा. होम ऑफिसने तो मिळाल्यानंतरच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवसाअखेर लेखी उत्तर द्यायचे असते. शुक्रवारी मिळाला, तर मंगळवार संध्याकाळ. अहवाल आणि उत्तर या दोन्हींच्या प्रती त्या तरुणाला मिळायला हव्यात. त्या मागून घ्या आणि वकिलाला पाठवा. उत्तरात बहुधा असा मजकूर येतो : ‘छळाचा दावा मान्य करून तुम्हाला दुसऱ्या पायरीवर धरले आहे, परंतु इमिग्रेशनची कारणे वरचढ ठरतात.’ हे वाचून लोक खचतात. खरे तर इथून काम सुरू होते. अहवालात स्थानबद्धतेच्या परिणामाचा रकाना कोरा किंवा मोघम आहे का ते पाहा. तसा असेल, तर त्याच आठवड्यात पुन्हा डॉक्टरकडे जाऊन ३५(१)चा अहवाल मागायचा.

त्याने आश्रयाचा अर्ज केला आहे का, हेही विचारा. अर्ज प्रलंबित असताना सामान्यतः मायदेशी रवानगी होत नाही. रवानगी जवळ नसेल, तर ‘इमिग्रेशनची कारणे’ वरचढ कशी, हा प्रश्न वकिलाला उभा करता येतो.

एक सावधगिरी : इमिग्रेशनच्याच अधिकाराखाली पण साध्या तुरुंगात ठेवलेल्या माणसाला नियम ३५ लागू नाही. तिथे वैद्यकीय पुरावा वकिलामार्फत थेट होम ऑफिसकडे पाठवावा लागतो.

प्रश्न : मी इथे जीपी (फॅमिली डॉक्टर) आहे. असा अहवाल लिहिताना नेमकं काय पाहायचं? ‘छळ झाला’ असं मी छातीठोकपणे कसं लिहू? (डॉक्टर वाचक)

उत्तर : छातीठोकपणे लिहायचेच नाही. नियमाची भाषा ‘छळ झाला असावा अशी काळजी वाटते’ एवढीच आहे. सिद्ध करणे हे तुमचे काम नाही, माणूस खरे बोलतो की खोटे हा निवाडाही तुमचा नाही. मात्र ‘रुग्ण असे सांगतो’ एवढ्यावर थांबलात तर तो अहवाल पहिल्या पायरीच्या वर जात नाही. तुम्हाला काळजी का वाटते हे तुमच्या शब्दांत आले पाहिजे.

शरीराच्या आकृतीवर प्रत्येक व्रणाला क्रमांक द्या. मिलिमीटरमध्ये माप, रंग, कडा, हाताला उंच लागतो की सपाट, हे लिहा. त्यापुढे तो कशाने झाला याचे रुग्णाचे सांगणे. मग तुमचे मत, इस्तंबूल प्रोटोकॉलच्या पाच शब्दांपैकी एका शब्दात. हा संयुक्त राष्ट्रांचा छळाच्या तपासणीचा मानदंड १९९९चा आहे, सुधारित आवृत्ती २०२२ची. ‘विसंगत’ म्हणजे सांगितलेल्या कारणाने असा व्रण होणार नाही. ‘सुसंगत’ म्हणजे होऊ शकतो, पण इतर पुष्कळ कारणांनीही होऊ शकतो. ‘अतिशय सुसंगत’ म्हणजे इतर कारणे थोडीच. ‘नमुनेदार’ म्हणजे अशा छळात सहसा असाच व्रण दिसतो, तरी दुसरे कारण अशक्य नाही. ‘निदानात्मक’ म्हणजे दुसरे कारणच नाही. अनेक डॉक्टर सवयीने सगळीकडे ‘सुसंगत’ लिहितात. रोजच्या बोलण्यात तो शब्द भरघोस वाटतो, पण या मोजपट्टीवर तो खालून दुसरा आहे.

सिगारेटचा चटका घ्या. साधारण ५ ते १० मिलिमीटरचा गोल किंवा लंबगोल डाग, मधला भाग फिका किंवा गडद, कड गडद पण अंधुक. असा एकच डाग बोटाजवळ असला, तर तो अपघाताचाही असू शकेल. तसेच सात-आठ डाग मांडीच्या आतल्या बाजूला ओळीने असले, तर प्रत्येकी ‘सुसंगत’ लिहून थांबणे चूक आहे. जागा, संख्या आणि मांडणी मिळून काय सांगतात, ते लिहायला हवे. प्रोटोकॉलसुद्धा सुट्या व्रणापेक्षा एकूण मूल्यमापनाला जास्त महत्त्व देतो.

व्रण नाही म्हणजे छळ नाही, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. हात मागे बांधून टांगलेल्या माणसाच्या कातडीवर पुष्कळदा काहीच नसते. त्याचा खांदा मात्र वर जात नाही, बोटांना बधिरपणा असतो, कधी खांद्याचे फरे पंखासारखे मागे उचललेले दिसते. तळपायावर मारलेल्याला चालताना दुखते, वरून पाय धड दिसतो. गुदमरवणे, विजेचा झटका, दिवसेंदिवस झोपू न देणे यांच्या खुणा पुष्कळदा शोधून सापडत नाहीत. अशा वेळी मनाची तपासणी हाच मुख्य पुरावा.

छळाचे व्रण स्वतःच करवून घेतले असतील, अशी शंका घेतली जाते. श्रीलंकेतून आलेल्या एका माणसाच्या पाठीवर आणि हातावर तापल्या सळ्यांचे व्रण होते. त्याचे प्रकरण मार्च २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. व्रण कसे झाले असावेत आणि सांगितलेल्या परिस्थितीशी ते कितपत जुळतात, या दोन्हींवर डॉक्टरने मत देणे योग्यच आहे, असे न्यायालयाने ठरवले.

आता तो निर्णायक रकाना : पुढे कोंडून ठेवल्याचा परिणाम. ‘सध्या स्थिर’, ‘औषधे चालू’, ‘केंद्रात देखभाल शक्य’ ही वाक्ये दवाखान्यात निरुपद्रवी असतात. इथे तीच होम ऑफिसच्या नकारात उद्धृत होतात. काय होते ते दाखवून लिहा. किल्ल्यांचा आवाज, गणती, रात्री बाहेरून बंद होणारे दार यांनी कोठडीची आठवण उसळते का? आल्यापासून झोप, वजन, स्वतःला इजा करण्याचे विचार यांत काय बदल झाला? त्याला जे उपचार हवेत ते आत का होऊ शकत नाहीत? आघातावरचे मानसोपचार सुरक्षिततेच्या भावनेवर उभे असतात. उद्या विमानात बसवतील या भीतीत ते चालत नाहीत. हे तुम्हाला पटत असेल, तर ‘स्थानबद्धता चालू राहिल्यास इजा होण्याची शक्यता आहे’ हे वाक्य स्वच्छ लिहा. तिसरी पायरी या वाक्यावर ठरते.

प्रश्न : छळ पोलिसांनी किंवा लष्करानेच केलेला असावा लागतो का? एका बाईला नातेवाइकांनी वर्षानुवर्षं कोंडून मारहाण केली होती. (वाचक, बर्मिंगहॅम)

उत्तर : नाही. यावर मोठी लढाई झाली. संयुक्त राष्ट्रांच्या १९८४च्या करारातली व्याख्या सरकारी हात असलेल्या छळापुरती आहे. इंग्लंडच्या हायकोर्टाने २०१३ मध्येच म्हटले होते की स्थानबद्धतेच्या नियमांतला ‘छळ’ त्याहून व्यापक आहे. तरी २०१६च्या नव्या धोरणात होम ऑफिसने ती अरुंद व्याख्या आणली. टोळ्या, तस्कर, तालिबान यांनी छळलेली माणसे एका फटक्यात बाहेर पडली. ‘मेडिकल जस्टिस’ आणि सात स्थानबद्ध कोर्टात गेले आणि १० ऑक्टोबर २०१७ रोजी न्यायमूर्ती ऊझली यांनी त्या व्याख्येचा वापर बेकायदा ठरवला. कारण साधे होते. धोरणाचा हेतू कोंडल्याने कुणाला जास्त इजा होईल हे ओळखण्याचा, आणि ती इजा मारणाऱ्याच्या अंगावर गणवेश होता की नाही यावर ठरत नाही.

२ जुलै २०१८ पासून नियमातच नवी व्याख्या आहे. करणाऱ्याचा त्या व्यक्तीवर शारीरिक किंवा मानसिक ताबा असेल, त्या ताब्यामुळे ती प्रतिकार करू शकत नसेल आणि तिला मुद्दाम तीव्र वेदना दिली असेल, तर तो छळ. तुम्ही लिहिलेल्या बाईच्या हकिगतीत ‘कोंडून’ हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा. किल्ली कुणाकडे होती, ती बाहेर जाऊ शकत होती का, पैसे आणि पासपोर्ट कुणाच्या हाती होते, हे अहवालात यायला हवे. आणि डॉक्टर ‘हे व्याख्येत बसत नाही’ म्हणालेच, तर ३५(१)ला कुठलीही व्याख्या लागत नाही. तिथे प्रश्न फक्त तिच्या प्रकृतीचा.

प्रश्न : मी दुभाषी म्हणून काम करते. पहिल्या मुलाखतीत माणूस ‘टॉर्चर झालं का?’ला ‘नाही’ म्हणतो आणि महिन्याने सगळं सांगतो. मग अधिकारी त्याला खोटारडा ठरवतात. (दुभाषी, लंडन)

उत्तर : तुमच्या हातात दिसते त्यापेक्षा जास्त आहे. ‘टॉर्चर’ हा शब्द आपल्या भाषेत पार झिजला आहे. साहेब टॉर्चर करतो, परीक्षेचं टॉर्चर. ‘छळ’ म्हटले की आधी सासर आठवते. इतर भाषांतही असेच काही ना काही असते. जो माणूस पोलीस ठाण्यात उलटा टांगला गेला, त्याला ते ‘टॉर्चर’ वाटेलच असे नाही. त्याच्या लेखी तो मार असतो, चौकशी असते. प्रश्न बदलण्याचा अधिकार तुम्हाला नाही. पण ‘या शब्दाचा आमच्या भाषेत वेगळा अर्थ होतो, बांधणे, मारणे, चटके, शॉक, लैंगिक अत्याचार असे एकेक विचारता येईल का?’ हे नर्सला किंवा डॉक्टरला सांगणे तुमच्या कामातच बसते. सांगितले हे तुमच्या वहीत टिपून ठेवा.

पहिल्या दिवशी न सांगण्याला इतरही कारणे असतात. समोर गणवेशातला माणूस, दार अर्धवट उघडे, दुभाषा स्वतःच्याच गावाकडचा किंवा परलिंगी. बलात्कार झालेले पुरुष तर बहुधा शेवटी बोलतात. कधी दुसऱ्या स्थानबद्धालाच बोलावून भाषांतर करून घेतात. ते कधीही होऊ नये, कारण तोच माणूस रात्री त्याच मजल्यावर असतो. तारखांचे म्हणाल, तर आघाताच्या आठवणी क्रमाने लागत नाहीत. वास, आवाज लख्ख राहतात आणि महिना हरवतो. उशिरा सांगणे आणि तारखा चुकणे यांचे वैद्यकीय स्पष्टीकरण डॉक्टरने अहवालात दोन ओळींत दिले, तर ‘खोटारडा’ हा शेरा टिकवणे अवघड जाते.

प्रश्न : एकाने जीव देण्याचे विचार बोलून दाखवले, तर त्याला मदत मिळायच्या ऐवजी वेगळ्या खोलीत एकटं ठेवलं. हे नियमात बसतं का? (स्वयंसेवक)

उत्तर : अशा वेळी केंद्र ‘एसीडीटी’ नावाची देखरेख सुरू करते. दर इतक्या मिनिटांनी डोकावायचे आणि वहीत नोंद करायची. देखरेख गरजेची आहे, पण ती आतल्या आत राहते, होम ऑफिसला तिच्यामुळे सोडण्याचा विचार करावा लागत नाही. तो विचार भाग पाडतो ३५(२)चा अहवाल. ब्रूक हाउस केंद्रातल्या गैरवर्तनाची केट ईव्ह्ज यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी झाली. तिचा अहवाल १९ सप्टेंबर २०२३चा. एप्रिल ते ऑगस्ट २०१७ या पाच महिन्यांत अमानुष वागणुकीच्या मनाईचा भंग ठरू शकतील अशा १९ घटनांचे विश्वासार्ह पुरावे तिला मिळाले. त्या काळात देखरेखीच्या वह्या उघडल्या जात होत्या, ३५(२)चा अहवाल मात्र एकही नव्हता. चौकशीने ३३ शिफारशी केल्या. त्यांतली २८ दिवसांच्या कमाल मर्यादेची शिफारस सरकारने मानलेली नाही.

एकटे ठेवण्याला नियम ४० लागतो आणि तो सुरक्षेसाठी आहे, आजारी माणसासाठी उपचार म्हणून नाही. दोन तासांत लेखी कारण द्यावे लागते, २४ तासांपुढे ठेवायला मंत्र्याच्या वतीने परवानगी लागते, डॉक्टरने रोज भेटावे लागते. त्या लेखी कारणाची प्रत मागा. ३५(२)चा अहवाल झाला का, हे वकिलामार्फत त्याच दिवशी लेखी विचारा. फोनवरच्या चौकशीचा मागमूस राहत नाही.

प्रश्न : जामीन मागायचा की हायकोर्टात जायचं? (वाचक)

उत्तर : दोन्ही वाटा एकाच वेळी चालू शकतात, पण त्या वेगळे प्रश्न सोडवतात. जामिनाचा न्यायाधीश फक्त ‘याला आता बाहेर ठेवता येईल का’ हे पाहतो. अटक बेकायदा होती असे तो ठरवू शकत नाही.

ट्रायब्युनलकडचा, म्हणजे इमिग्रेशनच्या न्यायाधिकरणाकडचा, जामीन अर्ज म्हणजे बी वन फॉर्म. फी नाही. नव्याने देशात आलेल्याला पहिले ८ दिवस तो करता येत नाही. सुनावणी बहुधा काही दिवसांत, व्हिडिओवरून. होम ऑफिसने विरोधाची कारणे आदल्या कामकाजाच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत द्यायची असतात. ती हातात आल्याशिवाय सुनावणीला बसू नका, कारण नियम ३५च्या अहवालाचा त्यात उल्लेखच नसतो असे घडते. राहायचा पत्ता नसणे हे अडकण्याचे सर्वांत मोठे व्यावहारिक कारण आहे. जामीनदार सक्तीचा नाही. अर्ज फेटाळला तर २८ दिवसांत दुसरा अर्ज सुनावणीविना जातो, परिस्थितीत महत्त्वाचा बदल दाखवला तरच अपवाद. नवा वैद्यकीय अहवाल हा तसा बदल म्हणून मांडता येतो. म्हणून डॉक्टरची तपासणी चार दिवसांवर असेल, तर घाईने अर्ज टाकून संधी वाया घालवू नका.

अटकच बेकायदा आहे हे म्हणायचे, तर ज्युडिशियल रिव्ह्यू, म्हणजे सरकारी निर्णय कायद्याला धरून आहे का याची न्यायालयाकडून तपासणी. आधी वकिलाचे नोटिशीचे पत्र, मग हायकोर्टात अर्ज, सोबत तातडीच्या सुटकेची मागणी. कमाल तीन महिन्यांची मुदत सांगितली जाते, पण ‘ताबडतोब’ ही अट त्याआधी येते. हे काम वकिलाशिवाय करू नये.

प्रश्न : माणूस सुटला, किंवा परत पाठवला गेला. आता भरपाई मागता येते का? (वाचक, पुणे)

उत्तर : येते, परदेशातूनही. बेकायदा कोंडल्याच्या दाव्याला सहा वर्षांची मुदत आहे. मानवी हक्क कायद्याखालच्या दाव्याला एकच वर्ष. कोंडले होते एवढे आपण दाखवायचे, ते कायदेशीर होते हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर. पण लुम्बा खटल्यातलीच दुसरी बाजू ध्यानात ठेवा. नियम पाळले असते तरी त्याला कायदेशीरपणे ठेवलेच असते, असे दिसले तर भरपाई नाममात्र मिळते. ‘अहवाल वेळेवर झाला असता तर तो अमुक दिवशी सुटला असता’ ही साखळी जोडावी लागते.

रकमेचा ठरीव तक्ता नाही. अपील न्यायालयाने १९९७ मध्ये पोलीस प्रकरणांत दिलेला अंदाज अजून आधाराला घेतात : पहिल्या तासाला ५०० पौंड, पहिल्या २४ तासांना ३,००० पौंड, पुढे दिवसागणिक दर उतरत जातो. हे त्या वेळचे पैसे, आज महागाईप्रमाणे वाढवून धरतात. दहा दिवसांचे दहापट होत नाहीत. कोंडल्याने जुना आघात पुन्हा उसळला हे वैद्यकीय पुराव्याने दिसले, तर त्याची भरपाई वेगळी.

यासाठी लागतात ते कागद आत्ताच मागवा. केंद्राच्या आरोग्य विभागाकडून पूर्ण वैद्यकीय नोंदी, आणि होम ऑफिसकडून त्याची सगळी फाइल, अटकेच्या फेरआढाव्यांसह. हा आढावा २४ तासांनी, मग ७, १४, २१, २८ दिवसांनी आणि पुढे दरमहा घ्यायचा असतो. कोणत्या तारखेचा कागद फाइलमध्ये नाही ते बघा. हे कागद मागण्याचा अर्ज मोफत आहे, उत्तराला एक महिना. माणसाची सही लागते, म्हणून तो भारतात असो की आणखी कुठे, त्याच्याशी संपर्क आहे तोवर सहीचा कागद मिळवून ठेवा. अटकेच्या दिवशी हातात दिलेला कारणांचा कागद, ‘आय एस ९१ आर’, त्याच्या सामानात अजून असेल, तर तो फेकू देऊ नका.